पिंजऱ्यात न जाणारी

आश्विन वद्य द्वादशीला देशावर वसुबारस असते. संध्याकाळी सवत्स गाईची पूजा होते आणि दिवाळी लागते. त्याच तिथीला जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत महादेव कोळ्यांच्या वाड्यांवर वाघबारस पाळतात. गुराखी वाघोबाच्या ठाण्याशी जमतात, शेंदूर लावतात, खीर शिजवतात आणि आमची गुरं राख म्हणून त्यालाच साकडं घालतात. दूध देणारी गाय आणि तिच्यावर टपलेला वाघ, दोघांचा मान एकाच दिवशी. डोंगरातल्या माणसाने हा हिशोब कधीकाळी असा मिटवून टाकला. खाली नारायणगाव-मंचरच्या सपाटीवर तो अजून मिटलेला नाही, आणि आता तर तो बिबट्याच्या मादीच्या कुशीपर्यंत जाऊन पोचला आहे.

ही सपाटी पूर्वी अशी नव्हती. कुकडी प्रकल्पातली माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे, डिंभे ही धरणं झाली, कालवे फिरले, बाजरी-हरभऱ्याच्या रानांत ऊस उभा राहिला. एकीकडे विघ्नहर कारखाना, दुसरीकडे पारगावचा भीमाशंकर. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लागतो आणि सोळा-अठरा महिने हलत नाही. शेजारी पूर्वहंगामी, पलीकडे सुरू, आणि तुटलेल्या रानात लगेच खोडवा. कुठला तरी फड बाराही महिने डोक्याएवढा उंच असतोच. आत गारवा, पाटाचं पाणी, पाचटाचं अंथरूण. बांधाबांधावर वस्त्या, वस्त्यांवर कुत्री, मांजरं, शेळ्या, कालवडी. बिबट्याला जगायला याहून जास्त काही लागत नाही. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या खाण्यातला ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला आणि वजनाच्या हिशोबात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळ्या-मेंढ्यांपेक्षा कुत्री जास्त. तिथली घनता शंभर चौरस किलोमीटरला जवळजवळ पाच मोठे बिबटे अशी भरली, आणि तीही जिथे अभयारण्य नाही, हरणं नाहीत, पण दर चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात अशा मुलखात.

तेव्हा इथली सकाळ चहाच्या घोटाबरोबर एका चौकशीने सुरू होते. रात्री कुणाचं काय गेलं? बहुतेकदा कुत्रं गेलेलं असतं. कधी शेळी, कधी दावणीची कालवड. पण २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबुतच्या बाजूला काही आठवड्यांतच दोन लहान मुलं आणि एक म्हातारी गेली. पुणे-नाशिक रस्ता अडला, वनखात्याची गाडी पेटली, नरभक्षक ठरलेला बिबट्या गोळी घालून मारला. ज्याच्या अंगणाला लागून ऊस आहे आणि ज्याचं पोर शाळेच्या वयाचं आहे, त्याला या बाबतीत शहाणपण शिकवायला जाऊ नये. त्या संतापातूनच एक जुनी मागणी पुन्हा वर आली, की यांची पैदास थांबवा. त्याच सुमाराला जुन्नर वनविभागातल्या मोजक्या माद्यांवर प्रजनन रोखण्याचा प्रयोग करायला केंद्राने मंजुरी दिली.

पारावर बोलणं ऐकलं तर तक्रारी दोन असतात. एक, बिबटे फार झाले. दुसरी, हे बिबटे बिघडलेत, माणसाला भीत नाहीत, जंगलातल्यासारखं वागत नाहीत. पहिलीवर उपाय पशुवैद्यकाच्या सुईत आहे आणि दुसरीवर पिंजऱ्यात, असं आपण धरून चालतो. या दोन तक्रारी खरंच इतक्या वेगळ्या आहेत का, हे विचारायला जरा लांब, सायबेरियात, जावं लागेल.

नोवोसिबिर्स्कजवळच्या विज्ञाननगरीत दिमित्री बेल्याएव या जनुकशास्त्रज्ञाने १९५९ साली रुपेरी कोल्ह्यांवर काम सुरू केलं. जनुकशास्त्राचं नाव घेणंच रशियात धोक्याचं होतं तो काळ नुकताच सरत होता. बेल्याएवचा मोठा भाऊ, तोही याच विद्येचा, १९३७ मध्ये सत्तेने मारला होता. बेल्याएवने आणि त्याच्या सहकारी ल्युडमिला त्रुत यांनी एकच कसोटी ठेवली. पिंजऱ्याशी माणूस आला की कोल्हा कसा वागतो? जे गुरगुरत नाहीत, चावत नाहीत, त्यांचीच पुढे वीण. रंग पाहायचा नाही, केस पाहायचे नाहीत, फक्त वागणं पाहायचं. थोड्याच पिढ्यांत शेपूट हलवणारी पिल्लं जन्माला आली. त्याबरोबर न मागितलेल्या गोष्टीही आल्या. अंगावर पांढरे ठिपके, वळलेल्या शेपट्या, रक्तातल्या ताणाच्या संप्रेरकाची उतरलेली पातळी. आणि सगळ्यात चमत्कारिक म्हणजे, काही माद्या अवेळी माजावर येऊ लागल्या. रानकोल्ही वर्षातून एकदाच, हिवाळ्याच्या शेवटी, माजावर येते. हजारो वर्षांचा हा नेम केवळ स्वभाव निवडल्याने ढिला पडायला लागला.

१९७२ पासून त्याच संस्थेत रानातून धरलेल्या करड्या उंदरांवर हाच खेळ दोन्ही बाजूंनी मांडला गेला. एक माणूस जाड हातमोजा घालून पिंजऱ्यात हात घाले. जो उंदीर हाताकडे शांतपणे येई त्याची एक वंशावळ, जो झेप घेऊन चावे त्याची दुसरी. पिढ्यांमागून पिढ्या गेल्यावर एकाच जातीचे दोन स्वभाव असे वेगळे झाले, की एक हातावर खेळतो आणि दुसरा हातमोजा फाडतो. पाळीव झालेल्यांच्या अधिवृक्क ग्रंथी, म्हणजे मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या त्या दोन लहान ग्रंथी, आपलं ताणाचं संप्रेरक कमी सोडू लागल्या. त्याच संस्थेत आणखी एक वंशावळ आहे, गोठणाऱ्या उंदरांची. पुढचे पाय काठीने उचलून त्याला उभं केलं की काठी काढून घेतल्यावरही तो पुतळ्यासारखा तसाच राहतो. या उंदरांना मुद्दाम विकृत वागणुकीसाठी वाढवलं गेलं, आणि मग त्यांच्या माद्यांचं ऋतुचक्र आणि संप्रेरकंही अभ्यासाला घेतली गेली. वेडाचा अभ्यास करणाऱ्यांना मादीच्या ऋतूत काय रस, असं वाटू शकतं. पण उंदराची मादी दर चार-पाच दिवसांनी माजावर येते. शरीरात आत कुठेही गाठ बसली की इतक्या घाईने फिरणाऱ्या घड्याळात ती लगेच दिसते. म्हणून १९२२ मध्ये लाँग आणि इव्हान्स यांनी उंदरीच्या ऋतुचक्राचे टप्पे काचपट्टीवरच्या पेशी पाहून ओळखायची रीत बसवली, तेव्हापासून औषध, विष, भूक, भीती, सगळ्याचा पहिला साक्षीदार तीच राहिली आहे.

ताण आणि वीण या दोन टोकांची गाठ पहिल्यांदा पडली ती मात्र अपघाताने. १९३६ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात हान्स सेल्ये नावाचा तरुण संशोधक बीजांडकोशातलं नवं संप्रेरक शोधत होता. बीजांडकोशाचा अर्क उंदरांना टोचायचा आणि बदल पाहायचे. बदल झाले. अधिवृक्क ग्रंथी सुजल्या, छातीतली थायमस ग्रंथी आकसली, पोटात व्रण पडले. त्याला वाटलं, सापडलं. मग खात्रीसाठी त्याने भलतेच अर्क टोचले, फॉर्मॅलिन टोचलं, उंदरांना थंडीत ठेवलं. दर वेळी तेच. नवं संप्रेरक नव्हतंच, उंदरांचे हाल होत होते आणि शरीर त्याची खूण दाखवत होतं. सेल्येने निराश होऊन काम सोडलं नाही, या हालांवरच एक छोटं टिपण लिहून ‘नेचर’मध्ये छापलं. आज आपण ताण म्हणून जे बोलतो त्याचं शास्त्र त्या टिपणातून निघालं. जननाचं संप्रेरक शोधायला गेलेला माणूस भीतीच्या संप्रेरकापाशी पोचला, हा योगायोग मला नेहमी अर्थपूर्ण वाटतो.

कारण शरीरात या दोन्ही वाटा एकाच देवडीवरून निघतात. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस असतो. तो पियूषिका ग्रंथीला सांगतो, ती बीजांडकोशाला सांगते, तेव्हा बीज पिकतं. तोच हायपोथॅलॅमस पियूषिकेकरवी अधिवृक्क ग्रंथींनाही सांगतो, तेव्हा कॉर्टिसॉल सुटतं आणि जनावर पळायला किंवा लढायला उभं राहतं. दुसरी वाट सतत वाहती राहिली तर पहिलीवरचा निरोप अडतो. हे दुष्काळात गुरांच्या डॉक्टरला दिसतं, सासुरवासात वाळत गेलेल्या सुनेला आपल्या आज्या ओळखायच्या. वागणूक एका खोलीत आणि वीण दुसऱ्या खोलीत, अशी भिंत शरीराने कधी घातलेलीच नाही.

माँट्रियलचीच आणखी एक गोष्ट आहे, आणि बिबट्याच्या दृष्टीने ती सगळ्यात जवळची. मायकेल मीनी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या आयांना पाहत बसायचं ठरवलं. काही आया पिल्लांना खूप चाटतात, काही कमी. ज्यांना खूप चाटलं ती पिल्लं मोठेपणी निवांत निघतात, दचकली तरी लवकर सावरतात. कमी चाटलेली पिल्लं घाबरट आणि तापट. पिल्लांची अदलाबदल केली, कमी चाटणारीचं पिल्लू जास्त चाटणारीच्या कुशीत ठेवलं, तर ते सांभाळणारीवर गेलं, जन्म देणारीवर नाही. पुढे असंही दिसलं की कमी चाटलेल्या मुली लवकर वयात येतात आणि नराला लवकर जवळ करतात. जग धोक्याचं आहे असा निरोप आईच्या जिभेवरून मिळाला, की शरीर बहुधा वेळ न दवडता वंश पुढे ढकलायच्या मागे लागतं. उंदरीवरून बिबटीचं अनुमान सरळ काढता येत नाही, हे मान्य. पण जुन्नरच्या ऊसतोडीत दर हंगामात जे घडतं, ते पाहताना या चाटण्याची आठवण आल्यावाचून राहत नाही.

दिवाळी झाली की टोळ्या येतात. बीड, नगरकडची माणसं फडाच्या कडेला कोप्या घालतात आणि पहाटेच्या गारठ्यात कोयता चालू होतो. मध्येच एखादी बाई ओरडते. पाचटात मांजराएवढी दोन-तीन पिल्लं, डोळे नुकते उघडलेले. पूर्वी अशी पिल्लं थेट माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात जायची आणि तिथेच पिंजऱ्यात म्हातारी व्हायची. आता वनखातं आणि वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेचे डॉक्टर येतात, पिल्लं तपासतात, त्यांना चिप टोचतात आणि संध्याकाळी एका क्रेटमध्ये घालून जिथे सापडली तिथेच ठेवतात. तोड थांबवलेली असते. कॅमेरा लावलेला असतो. आई लांब गेलेली नसतेच. अंधार पडल्यावर ती येते, क्रेटभोवती फिरते, ते पाडते, एकेक पिल्लू मानेला धरून उचलून नेते, आणि दुसऱ्यासाठी परत येते. माणसांच्या इतक्या वासातून, इतक्या गोंगाटानंतर. या मादीने आजूबाजूच्या माणसांवर हल्ला केला नाही, हेही त्या कॅमेऱ्यात नोंदलेलं असतं, फक्त ती चित्रफीत कुणी गावभर फिरवत नाही.

आणि जेव्हा अशी भेट होत नाही? पिल्लं गेलेली मादी लवकरच पुन्हा माजावर येते. मांजरकुळाचा हा जुनाच नियम आहे. आपल्याकडे बिबट्याच्या विणीला ऋतू नसतो, गाभणपण जेमतेम तीन महिन्यांचं, एका वेताला साधारण दोन-तीन पिल्लं, आणि ती दीड वर्षाच्या आसपास आईबरोबर राहतात. तेवढा काळ आई गाभण राहत नाही. म्हणजे पिल्लू जगणं हीच तिच्या पुढच्या वेतावरची सगळ्यात स्वस्त आणि खात्रीची रोक आहे. नर पकडून नेला तर मोकळ्या झालेल्या हद्दीत नवा नर शिरतो, आणि तो आधीच्या नराची पिल्लं मारतो, हे दक्षिण आफ्रिकेतल्या बिबट्यांच्या दीर्घ अभ्यासात नीट नोंदलं गेलं आहे. पिल्लं मेली की मादी पुन्हा तयार. आपण एक नर उचलला की नुसती एक जागा रिकामी होत नाही, त्याच्या हद्दीतल्या दोन-तीन माद्यांची घड्याळं एकदम पुढे सरकतात.

जुन्नरने हे २००१ च्या सुमाराला भोगलं आहे. पिंजरे लावून बिबटे धरायचे आणि दूरच्या जंगलात सोडायचे, हा सपाटा तेव्हा सुरू झाला. त्याआधी इथे माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होत. नंतर ते सतरावर गेले आणि त्यांत जीव जाण्याचं प्रमाणही वाढलं. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हा ताळेबंद मांडला तेव्हा अनेकांना तो पटला नाही, कारण पिंजरा रिकामा करून गाडी निघून गेली की गावाला दिलासा मिळतो आणि तो दिलासा खरा असतो. पण अनोळखी मुलखात टाकलेलं, हद्द नसलेलं, कॉर्टिसॉलने भरलेलं जनावर आपण कुणाच्या तरी दुसऱ्याच्या गावाला पोचवत होतो. त्यातल्या काहींनी परतीची वाटही धरली असणार. २००९ मध्ये पारनेर तालुक्यात विहिरीतून काढून माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ गळ्यात पट्टा घेऊन सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत थेट मुंबईच्या संजय गांधी उद्यानात पोचला. वाटेत त्याने कुणाला ओरखडा काढला नाही, हे त्याचं मोठेपण. बाकीच्यांना गळ्यात पट्टे नव्हते.

त्यामानाने वीण रोखण्याचा विचार कितीतरी सभ्य आहे, आणि तो करून पाहायला माझी हरकत नाही. फक्त त्याच्याकडून काय मागायचं ते ठरवलं पाहिजे. मांजरकुळात हे काम कागदावर वाटतं तितकं सोपं नाही. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांनी एका प्रोजेस्टिन संप्रेरकाच्या कांड्या वाघ-बिबट्यांच्या कातडीखाली वर्षानुवर्षं घातल्या. वीण थांबली, पण गर्भाशयाचे आजार आणि स्तनांचे कर्करोग वाढले. रानघोड्यांवर आणि आफ्रिकेतल्या हत्तिणींवर चालणारी डुकराच्या बीजावरणाची लस मांजरांवर नीट लागू पडत नाही. शिवाय ती जिथे लागू पडते तिथेही बीजांडकोश बंद होत नाही, फक्त गर्भ राहत नाही. मादी पुन्हा पुन्हा माजावर येत राहते. उसाच्या पट्ट्यात याचा अर्थ मध्यरात्री करवतीसारखा चालणारा तिचा आवाज, आणि तिच्यामागे लांबून येणारे नर. हायपोथॅलॅमसचा निरोपच अडवणाऱ्या लशी आणि कांड्याही आहेत. पाळीव मांजरांवर त्या बऱ्यापैकी चालतात, काही वर्षं टिकतात. पण निरोप अडवला की संप्रेरकं बदलतात, आणि संप्रेरकं बदलली की वागणं. नर सिंहाला खच्ची केलं तर त्याची आयाळ गळते, ती दिसते तरी. मादीचं काय बदललं ते आयाळीसारखं दिसणार नाही. ती हद्द राखेल का? शेजारणीला पिटाळेल का? हे प्रश्न लस चालली की नाही याइतकेच महत्त्वाचे आहेत.

आता सायबेरियातल्या त्या हातमोज्याकडे येतो. तिथे कोण पुढे वंश चालवणार हे हातमोज्याच्या कसोटीने ठरत होतं. जुन्नर-आंबेगावात ते काम पंचवीस वर्षं आपला पिंजरा करतो आहे, आणि आपण ते करतो आहोत हे आपल्या ध्यानात नाही. लोखंडी पिंजरा, मागच्या कप्प्यात कोंबडी किंवा बोकड, वर उसाचं पाचट. जी मादी धीट आहे, भुकेली आहे, अडाणी आहे किंवा नवीन आहे, ती आत जाते आणि झापड पडते. माणिकडोहला गेली तर तिची वीण तिथेच संपली. जी फिरून जाते, वास घेऊन मागे सरते, बोकडाच्या ओरडण्यातही लोखंड ओळखते, ती उसात राहते आणि वेतामागून वेत देते. तिची पिल्लं दीड वर्ष तिच्या मागून चालतात आणि कुठे थांबायचं, कशाला बिचकायचं, हे तिच्याकडूनच शिकतात. बिबटे आता पिंजऱ्यात जात नाहीत, अशी तक्रार गावोगाव ऐकू येते. इतक्या थोड्या पिढ्यांत रक्त बदललं असं म्हणायला मी धजणार नाही. रशियन कोल्ह्यांचे ते ठिपकेही काही अंशी आधीच्या कॅनडातल्या पैदाशीतून आले होते, असं २०१९ मध्ये दाखवलं गेलं, आणि एवढ्या गाजलेल्या प्रयोगावरही शंका घ्यायला जागा निघाली. पण रक्त न बदलता, नुसत्या आईच्या मागून चालूनही एक पिढी दुसरीला बरंच काही देते. कसोटी आपण लावली आहे आणि ती लागू पडते आहे, एवढं तरी उघड आहे.

वीण रोखायची सुई कुणाला टोचली जाणार? जी पिंजऱ्यात आली तिला. लशीचा पुढचा डोस द्यायचा तर तीच पुन्हा आत यायला हवी. म्हणजे जिला आपण धरू शकतो, जी माणसाच्या वस्तूंवर थोडाफार विश्वास टाकते, तिची कूस रिकामी राहील. पुढची पिढी येईल ती आपल्याला कधीच न सापडणाऱ्या माद्यांची. त्या माद्या वाईट असतीलच असं नाही. कदाचित माणसाला टाळणारी, सावध बिबटीच गावाला हवी असेल, आणि मग ही निवड योग्य दिशेने चालली आहे असंही कुणी म्हणेल. पण पिंजऱ्याला बिचकणारी बिबटी अंगणातल्या पोराला बिचकेलच, याची हमी कोण देणार? उंदरांच्या दोन वंशावळी घडवणारा माणूस निदान दर पिढीला वहीत लिहीत होता की आपण काय निवडतो आहोत.

हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या वन्यजीव प्रयोगशाळेत विष्ठेतून ताणाची आणि जननाची संप्रेरकं मोजण्याचं काम कैक वर्षं चाललं आहे. याच रीतीने केलेला, २०१७ मध्ये सहा भारतीय प्राणिसंग्रहालयांतल्या ४१ वाघांचा आणि २१ बिबट्यांचा अभ्यास छापला गेला. पिंजऱ्यात एकाच रेषेत येरझाऱ्या घालत राहणं या विकृत वागण्याचा आणि ताणाच्या संप्रेरकाचा त्यात माग काढला होता. जागा किती, आत काय काय ठेवलं आहे, आणि राखणदार जनावराशी कसा वागतो, यांचा परिणाम विष्ठेतल्या आकड्यांतही दिसला. जनावराला हात न लावता हे सगळं करता येतं. जुन्नरच्या प्रयोगात सुई टोचलेल्या माद्यांना पट्टे लावले जातील, त्यांच्यावर लक्ष राहील, ते ठीकच. दीड वर्ष, म्हणजे आडसालीचं एक पीक लागून तुटेपर्यंत, त्यांची आधीची पिल्लंही त्यांच्याबरोबरच फिरत असतील, तेव्हा बिबटे कमी झाले की नाही हे विचारायची घाई आमदार-खासदारांनी निदान दोन गळीत हंगाम करू नये. त्याबरोबर दुसरी एक वही लागेल, न टोचलेल्या माद्यांची. कॅमेऱ्यात रात्री अडीचला पिंजऱ्यापाशी आलेली, कोंबडीकडे पाहून निघून गेलेली, तिच्यामागे किती पिल्लं होती, त्या वस्तीवर त्या महिन्यात काय गेलं, आणि पुढच्या खेपेला ती कुठे दिसली. तिची विष्ठा पाटाच्या कडेला, बांधावर, पायवाटेवर पडलेलीच असते. ती उचलायला पिंजरा लागत नाही. सकाळी दूध घालायला निघालेल्या पोरालाही ती कुठे आहे ते माहीत असतं.